पाहुण्यांच्या बाजूला

पिंपळवंडी,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय गोरख,

पाकीट फोडल्याबरोबर शेवटच्या पानावरची सही बघायला जाऊ नकोस, मीच सांगते. मी पिंपळवंडीची वैजयंतीवहिनी. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, नऊ तारखेला, तुझी प्रतिभा आमच्या मैदानावर शिनोलीच्या गोलात उभी राहणार आहे. अठ्ठावीस वर्षांनी दोन गावांचा फुटबॉलचा सामना पुन्हा होतोय, या वेळी मुलींचा. तुझी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी यायला निघाली आहे, तुझी बायको येणार, वाडीतली निम्मी माणसं येणार आणि तू एकटा घरी राहणार, असं आरतीने मला सांगितलं. आरती माझी नात, आमच्या संघाची कप्तान. दोघी पोरी रोज फोनवर बोलतात, त्यामुळे तुमच्या चुलीवर काय शिजतंय ते मला इथे बसून कळतं. तू भाताच्या झोडणीचं कारण दिलंस म्हणे. भात शनिवारीही झोडता येतो, गोरख. मला समजूत घालता येत नाही, ते माझ्या स्वभावात नाही. मला याद्या करता येतात आणि यादीप्रमाणे माणसं हलवता येतात. तेव्हा हे समजुतीचं पत्र नाही. थोडं सांगायचं आहे, ते माझ्या क्रमाने सांगू दे.

तुम्ही पाहुणे म्हणून येत होतात, त्यामुळे सामन्याची आमची बाजू तुम्हाला कधी दिसली नाही. तुमचा ट्रक हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागायच्या आधी आमची काय धांदल असायची, हे तुला सांगायला मला आवडेल. माझे थोरले दीर हौशीरामभाऊ आणि तुझे चुलते जानकू, दोघं खडकीच्या कारखान्यात एका पाळीला होते, तिथेच दोघं फुटबॉल शिकले आणि नोकरी सोडून गावी येताना एकेक चेंडू घेऊन आले. दोघांनी मिळून सत्त्याऐंशी साली सामना सुरू केला, एक वर्ष पिंपळवंडी, एक वर्ष शिनोली. तेव्हा मी गावातली एकटी बी.एस्सी. झालेली सून. भाऊंनी माझ्या हातात शंभर पानी वही दिली आणि म्हणाले, "वैजयंती, पावणं येत्याल दीडशे. कुणी उपाशी ऱ्हायलं तर माजं नाव जाईल, आन् कुणाची डोकी फुटली तर तुजं." मी वनस्पतिशास्त्र शिकले होते. दीडशे माणसांचं काय करायचं, हे त्यात नव्हतं.

मग मी नियम केले. नियम केल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे आमच्या घरात सगळे सांगतील. पहिला नियम असा, की ज्या गावात सामना, त्या गावाने गाडी पाठवायची. भाऊ टोमॅटोचा ट्रक पाठवायचे. तो आदल्या दिवशी धुवायचा हा पोटनियम होता, तो कधी कुणी पाळला नाही, आणि तुम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांवर लाल डाग घेऊन उतरायचात. ट्रक दिसायच्या आधी हलगी ऐकू यायची. जानकूंची हलगी. ती कालव्याच्या पुलावर आली की आमच्याकडे बायका तवा ठेवायच्या. घड्याळ कुणी बघत नव्हतं.

दुसरा नियम, एका घरी पाच पाहुणे. शाळेच्या ओट्यावर उभी राहून मी नावं वाचायची आणि एकेका घरचं माणूस पुढे होऊन आपले पाच घेऊन जायचं. तुमच्याकडची माणसं डोंगरची, बोलायला कमी, पहिल्या वर्षी तर मेंढरांसारखी एकमेकांना चिकटून उभी होती. दोन वर्षांत ती खोड गेली. मग ट्रकमधून उतरतानाच ओरडायला लागली, "वहिनी, मला शेवंताबाईकडं टाका, तिचा ठेचा लई झ्याक." मी म्हणायची, यादीत असेल तिथे जायचं. मग माझ्या पाठीमागे नावांची अदलाबदल व्हायची. मला ती दिसत होती, पण वही सरळ असली की मी पुढचं बघत नव्हते.

तिसरा नियम मात्र माझा नव्हता, तो आपोआप झाला, आणि तो सगळ्यात चांगला निघाला. ज्याने पाहुणा जेवायला घातला, त्याने मैदानावर पाहुण्याबरोबर पश्चिमेच्या बाजूला बसायचं. आपल्या ताटात जेवलेल्या माणसाला कुणी शिवी देत नाही, आणि शेजारी यजमान बसलेला असताना पाहुणाही दगड उचलत नाही. पोलीस कधी बोलवावे लागले नाहीत. पण त्यातून एक अडचण आली. निम्मी पिंपळवंडी तुमच्या बाजूला बसलेली, आणि आमचा गोल झाला की उठून नाचणार कशी? पाहुण्याच्या तोंडावर टाळ्या पिटणं बरं दिसत नाही. तेव्हा भाऊंनी पहिल्यांदा केलं ते सगळ्यांनी उचललं. आपल्या गावाचा गोल झाला की डोक्यावरची टोपी काढायची आणि गुडघ्यावर ठेवायची. बस, एवढाच आनंद. बायकांनी पदराचं टोक दातांत धरायचं. पूर्वेकडे आमची पोरं बेभान ओरडत असायची, आणि पश्चिमेला शंभर टोप्या गुडघ्यांवर, अगदी गप्प. तुझी आई माझ्या शेजारी बसून ते बघायची आणि म्हणायची, "वैनी, हसा की वाईच, पोटात दुखंल."

तुझी आई, कोंडाबाई, माझ्या घरची पाहुणी, दर वेळी. यादीत मी तिचं नाव दुसरीकडे कधी टाकलंच नाही, हे आज कबूल करते. तिचा आवाज मी इतक्या जवळून ऐकला आहे, की डाव्या कानाने मला आज कमी ऐकू येतं त्याचं खापर मी तिच्यावर फोडते. आमच्या शाळेचे एक गरीब मास्तर रेफरी असायचे. त्यांनी शिट्टी वाजवली की ती उभी राहायची, "ए शिट्टीवाल्या, डोळं घरी खुट्टीला अडकवून आलायस का रं?" मास्तर एकदा खेळ थांबवून आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "वहिनी, या बाईंना आवरा." मी म्हटलं, त्या माझ्या पाहुण्या आहेत, तुम्ही चष्मा पुसा. माझ्या आयुष्यात मी विनोद म्हणून बोललेली ती बहुधा पहिली गोष्ट, आणि कोंडाबाईने ती परतीच्या ट्रकमध्ये चढेपर्यंत सगळ्यांना सांगितली.

पंच्याण्णव सालचा सामना तुला आठवतच असेल, पण तो तू गोलातून पाहिलास, मी बाहेरून. तू वीस वर्षांचा, अंगात कुणाची तरी निळी बनियन, हातात मोजे नाहीत. आमच्या मैदानाला कडेला ऊस होता, चेंडू उसात गेला की पाच जणांनी टाळ्या वाजवत आत जायचं, कारण बिबट्याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी चेंडू सात वेळा उसात गेला, इतके फटके आमच्या पोरांनी मारले, पण तुझ्या हातातून एक सुटला नाही. शेवटच्या मिनिटाला आमच्या दादाभाऊने कोपऱ्यात मारलेला फटका तू असा आडवा होऊन काढलास, की बांबूच्या खांबाला तुझं डोकं लागलं आणि खांब वाकला. आणि पश्चिमेला काय झालं असेल? हौशीरामभाऊ, सामन्याचे मालक, पिंपळवंडीचे पाटील म्हणावेत असे, उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी आकाशात फेकली. शिनोलीसाठी. जानकू त्यांचा हात धरून विचारत होते, "हौशीराव, तुमी कुठल्या गावचं वं?" भाऊ म्हणाले, "गप बस. पोरानं धरला न्हवं चेंडू? धरला तर धरला म्हनावं." ती टोपी उसात गेली ती गेलीच. त्या संध्याकाळी तुम्ही एका गोलने जिंकून गेलात आणि आमची माणसं तुमचा ट्रक सोडायला हायवेपर्यंत चालत गेली. हरलेलं गाव इतकं खुशीत मी पुन्हा पाहिलं नाही.

आता घरातल्या गोष्टी. भाऊ शहाऐंशी वर्षांचे आहेत, काठीने चालतात, आणि गेले पंधरा दिवस रोज सकाळी विचारतात, "रविवार कितवा?" मुलींच्या कमिटीने ठरवलं होतं की पाहुण्यांना शाळेत जेवणाची पाकिटं द्यायची, पुरी-भाजी आणि एक लाडू. वेळ वाचतो म्हणे. आरती उभी राहिली आणि म्हणाली, "पाकीट दिलं तर शेजारी बसणार कोण?" एवढी एक गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. मग ती वही पुन्हा माझ्याकडे आली. चौतीस घरं झाली आहेत. बिबट्यांमुळे आता सगळं उन्हात आवरावं लागतं, म्हणून सामना दीडला सुरू होईल आणि उसाच्या बाजूने जाळी लावली आहे. गोलाचे खांब लोखंडी आहेत, डोक्याने वाकत नाहीत, हे प्रतिभाला सांगून ठेव.

प्रतिभाला मी पाहिलं आहे. गेल्या महिन्यात नारायणगावला मुलींचे सामने होते, तेव्हा आरतीबरोबर मी जीपमध्ये अकरा जणांत बसून गेले. बाजाराचा दिवस होता, टोमॅटोचे व्यापारी, हमाल, ड्रायव्हर, सगळे क्रेट उलटे घालून मैदानाच्या कडेने बसलेले. कुणाच्या कोण मुली खेळताहेत याचा त्यांना पत्ता नव्हता, तरी दोन्ही बाजूंनी ओरडत होते. तुझी पोरगी गोलात उभी राहिली ती थेट तू. तसंच वाकणं, तसेच गुडघ्यांवर हात. तू तिला भाताच्या खाचरात शिकवतोस, चिखलात पडलं की लागत नाही म्हणून, असं आरती म्हणाली. ते दिसत होतं, ती पडायला भीत नाही.

तिच्या गोलामागे आमच्या गावची सात-आठ पोरं उभी होती, सोळा-सतरा वर्षांची. पेनल्टी मिळाली आणि ती ओरडायला लागली, "मासवडी, मासवडी, खाल्ली का मासवडी?" हा शब्द ती पोरं जन्मायच्या आधीचा आहे. त्यांना त्याचा अर्थही ठाऊक नव्हता, शिनोलीच्या गोलीला असं ओरडायचं असतं एवढंच बाप-चुलत्यांकडून त्यांच्यापर्यंत आलं होतं. प्रतिभाने मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "कुठंय? आणा की. सकाळपासून उपाशीये मी." सगळं मैदान हसलं, हमालांनी क्रेट वाजवले. मग ती पुढे वळली आणि तिने पेनल्टी उजवीकडे झेपावून अडवली. त्या पोरांनीच तिला सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या. मीही दिल्या, इतक्या की शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं, "आजी, नात का?" मी म्हटलं, पाहुणी आहे.

सामना संपल्यावर ती माझ्या पाया पडायला आली. सरळ उभी राहून तिने मला विचारलं, "आजी, तुमच्या गावची पोरं मला मासवडी का म्हणतात? पप्पांना विचारलं की ते उठून गोठ्यात जातात." मी तिला सांगितलं की जीप निघायची वेळ झाली आहे. जीप भरायला अजून चार माणसं हवी होती. मी चौसष्ट वर्षांची बाई सोळा वर्षांच्या पोरीपुढून पळून गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

म्हणून आता सत्त्याण्णव सालचं. तू ते तुझ्या अंगाने भोगलंस, पण त्याच्या आधीचा अर्धा तास तुला पुरता माहीत नाही. त्या वर्षी खेळाडूंसाठी माझा कडक नियम होता. खेळाडूंनी घरोघर जेवायचं नाही, शाळेत थांबायचं, साधं वरण-भात आणि केळं, तेही साडेदहाच्या आत. पाहुणे सगळे यादीप्रमाणे गेले होते. मी वही मिटत होते आणि शाळेच्या दारात साळुबाई उभी राहिली. मैदानामागे एका खोलीत राहणारी, शिनोलीचीच लेक, म्हातारी आणि एकटी. तिचं घर मी यादीत घेतलं नव्हतं. पाच माणसांचा स्वयंपाक तिला झेपायचा नाही, उगीच त्रास, असा विचार मी केला होता आणि तिला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "वैनी, माज्या म्हायेरचा ट्रक येतो आन् माज्या दारावरनं फुडं जातो. सगळ्यांच्या घरी पावणं, माज्याच घराला काय झालं? रातीपास्नं तीळ भाजलंत, खोबरं भाजलंय. मासवडी कुणाच्या तोंडात घालू, सांगा." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी नियम सांगितला असता.

माझी चूक होती आणि ती भरून काढायला माझ्याकडे एकही पाहुणा शिल्लक नव्हता. शाळेत फक्त तुम्ही अकरा जण होतात. मी तुला हाक मारली. तुला आठवतं मी काय म्हणाले ते? "गोरख, या मावशींबरोबर जा, एक भाकरी खा आणि अर्ध्या तासात परत ये." तू म्हणालास, "वहिनी, पण आज मॅच हाय." आणि मी म्हटलं, "मी सांगते आहे ना."

त्यानंतरचं साळुबाईने मला सांगितलं, अगदी कौतुकाने. तू ताटावरून उठू बघायचास आणि ती म्हणायची, तुझ्या आजीने मला न्हाऊ-माखू घातलंय, बस खाली. चौदा वड्या. तिखट रस्सा तीन वाट्या. बाजरीच्या भाकरी किती, ते तिने मोजलं नव्हतं. तू नाही म्हणाला नाहीस. म्हणता येणारच नव्हतं, आणि हे मला आधी कळायला हवं होतं. सामन्यात तू पहिल्या गोलला अर्धाच वाकलास, दुसऱ्याला वाकलाच नाहीस, तिसऱ्याच्या वेळी खांब धरून उभा होतास. पूर्वेच्या बाजूला बातमी पोचली होती, साळुबाईने शेजारणीला सांगितलं होतं आणि शेजारणीने गावाला. "मासवडी, मासवडी" सुरू झालं. पश्चिमेच्या टोप्या गुडघ्यांवर होत्या, पण माणसांचे खांदे हसून हलत होते. मी तुझ्या आईशेजारी होते. चौथ्या गोलनंतर कोंडाबाई एक शब्द बोलली नाही.

सामना संपल्यावर जानकू माझ्यासमोर आले. दोन्ही गावं भोवती उभी होती. त्यांनी नीटच विचारलं, "वहिनी, पोरगं शाळंतनं घरी जेवाया गेलं कसं? कुणी सोडलं?" माझ्या हातात वही होती. मी म्हणाले, "खेळाडूंनी शाळा सोडायची नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं." या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, गोरख. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पुरलं. तू चार पावलांवर उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मग खाली बघितलंस. जानकूंनी तुला सगळ्यांसमोर हावरट म्हटलं, ट्रकच्या मागच्या फळीला बसवलं, आणि पुढच्या वर्षी तुमच्या गावाचं दोन ओळींचं पत्र आलं की सामना जमणार नाही. तू तिथे एक वाक्य बोलला असतास तर सामना टिकला असता. माझं नाव गेलं असतं, सामना राहिला असता. मीही बोलू शकत होते. साळुबाई मरेपर्यंत मला विचारत होती, "त्या पोराला माज्यामुळं बोल लागला न्हाई ना?" मी तिलाही नाही म्हणून सांगितलं.

परवा मारुतीच्या देवळात सामन्याची सभा झाली. शेवटी मी उभी राहिले आणि हे सगळं, तुला लिहिलं तसंच, सांगितलं. मग दादाभाऊ, ज्याने त्या दिवशी चारांपैकी तीन गोल केले होते आणि अजून सांगत असतो, तो म्हणाला, "म्हंजी वहिनी, आमी जिंकलोच न्हाई म्हना की. तुमीच जिंकल्या." सगळे हसले, मीसुद्धा. हौशीरामभाऊ हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तशीच राहू दिली. ती कुणासाठी होती, हे मी विचारलं नाही. गोलामागची ती पोरं मागच्या रांगेत होती. बाहेर पडताना त्यांच्यातला एक मला म्हणाला, "आजी, मग आता पोरीला काय वरडायचं आमी?" मी म्हटलं, तिचं नाव ओरडा, चांगलं तीन अक्षरी आहे. आरती त्या दिवशी जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, फोन कर त्यांना." फोन केला असता तर तू "असू द्या वहिनी" म्हणून ठेवून दिला असतास. पत्राला तसं म्हणता येत नाही.

रविवारी सामन्याआधी माइकवर मी दोन्ही गावांसमोर हेच सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. प्रतिभाला त्याआधी घरात कळावं आणि तिला ते तू सांगावंस, यासाठी हे आज टपालात टाकते आहे. माफी मागायला मी लिहायला बसले होते, पण चार पानं झाली तरी तो शब्द नीट बसेना. त्याऐवजी एवढंच लिहिते, की तू त्या दिवशी माझ्यासाठी गप्प राहिलास हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि बाविसाव्या वर्षी तुझ्या अंगात जेवढी ताकद होती तेवढी छत्तिसाव्या वर्षी माझ्या अंगात नव्हती. यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. पण येणार नसलास तर पोरीला कारण नवीन शोधून दे. जुनं कारण माझं होतं, ते मी परत घेतलं आहे.

तुझीच,
वैजयंतीवहिनी